पुरात बुडालेला लेथ: एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातल्या माणसांची नावं दिलेली नाहीत. ज्यांनी मशिनं विकली ते चिपळूणचे एक जुने वर्कशॉपवाले. त्यांना इथे मिस्त्री म्हटलं आहे. ज्यांनी ती घेतली ते कराडचे, तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले शिक्षक, ते सर. मी सरांचा जुना विद्यार्थी, सुटीच्या दिवशी त्यांच्या शेडमध्ये हात काळे करायला जाणारा.

## पार्श्वभूमी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. वर सह्याद्रीत कोसळणारा पाऊस आणि खाली दाभोळ खाडीची भरती, यांच्या मधोमध हे गाव. बाजारपेठेत दहा-बारा फूट पाणी चढलं. एसटी आगारातली रोकड वाचवण्यासाठी कर्मचारी ती घेऊन बसच्या टपावर बसून राहिले, ही बातमी त्या वेळी सगळ्यांनी वाचली असेल. २६ जुलै २००५ चा पूर मिस्त्रींनी याच जागेत पाहिला होता. त्या खुणेच्या हातभर वर त्यांनी फळी मारली होती आणि जे उचलण्यासारखं होतं ते पहाटे तिच्यावर ठेवलं होतं. या वेळी पाणी फळीच्याही वर गेलं.

दुकानात एक सहा फुटी लेथ (धातूचा तुकडा फिरवून कातायचं मशिन), एक पिलर ड्रिल, एक बेंच ग्राइंडर आणि वेल्डिंगचं सामान होतं. लेथ जुना, कोन पुलीचा (लहान-मोठ्या पायऱ्यांच्या पुलीचा), सपाट पट्ट्यावर चालणारा. हेडस्टॉकवरची, म्हणजे काम फिरवणाऱ्या डाव्या टोकाच्या डब्यावरची, ओतीव अक्षरं घासून गेली होती, ‘बटाला’ एवढंच वाचता येत होतं. पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यातल्या या गावाने एके काळी देशभरच्या छोट्या वर्कशॉपांना लेथ पुरवले. ही मशिनं साधी असतात. स्पिंडल, म्हणजे काम फिरवणारा मुख्य दांडा, बॉल बेअरिंगवर नाही, दोन भागांत कापलेल्या गनमेटलच्या बुशांमध्ये फिरतो. वरचे कॅप उघडले की सगळं समोर. आत ना इलेक्ट्रॉनिक कार्ड, ना हायड्रॉलिक. पुढे जे काही शक्य झालं त्याचं निम्मं श्रेय या साधेपणाला आहे.

पंचनामा झाला, गाळ फावड्याने ओढून झाला, पण मिस्त्रींचं मन उडालं होतं. साठी उलटलेली, मुलगा पुण्यात नोकरीला. भंगारवाला बिडाचा भाव किलोला तिशीच्या आसपास सांगत होता. सरांना हे एका नातेवाइकाकडून कळलं. गणपती झाल्यावर आम्ही कुंभार्ली घाट उतरून मशिनं बघायला गेलो, म्हणजे पूर ओसरून दोन महिने होत आले होते.

## अडचण

लेथ दिसायला भयानक होता. बेड (ज्यावर सगळं बसतं ते बिडाचं लांब अंग) विटकरी रंगाचा, चक (काम पकडणारे जबडे) जाम, सॅडल (हत्यार घेऊन बेडवरून सरकणारा भाग) जागची हलत नव्हती. हेडस्टॉकच्या तेलाच्या कपांत गाळ वाळून शाडूसारखा घट्ट बसला होता. मोटर मागच्या पायाशी, म्हणजे पूर्ण पाण्याखाली गेलेली.

सरांनी गंजाकडे फारसं पाहिलंच नाही. त्यांनी विचारलं, “मिस्त्री, पुरानंतर हा फिरवून बघितलात का?”

“नाही हो. लाइटच नव्हती पंधरवडाभर. नंतर इच्छा झाली नाही.”

“हातानेसुद्धा नाही?”

“नाही.”

या एका उत्तरावर सौदा ठरला असं मी म्हणेन. शेजारच्या गल्लीतल्या एकाने लाइट आल्याबरोबर आपला लेथ “चालतोय का बघू” म्हणून सुरू केला होता. तो चालला, तासभर छान चालला. बुशातला गाळ गनमेटलमध्ये रुतला आणि स्पिंडलच्या जर्नलवर (बुशात फिरणाऱ्या भागावर) नख अडकेल अशा रेघा पाडून मोकळा झाला. मऊ धातूत कण रुतून बसले की बुश कानशीसारखं काम करायला लागतं. मग बुश नवं, स्पिंडल घासून कमी मापाचा, आणि खर्च मशिनच्या किमतीच्या वर.

सरांचा हिशेब असा होता: पुरातून आलेल्या मशिनचं नुकसान तीन खात्यांत मांडायचं. पहिलं वापराचं, म्हणजे पूर यायच्या आधी तीस-चाळीस वर्षांत झिजलं ते. दुसरं पुराचं. तिसरं दुरुस्त करणाऱ्याचं. पहिल्या दोन खात्यांत काय आहे हे मोजेपर्यंत तिसऱ्यात काही भरू द्यायचं नाही. माझ्या मते या प्रकरणातला प्रत्येक बरा निर्णय या मांडणीतून आला.

## समोरचे पर्याय

मिस्त्रींपुढे तीन रस्ते होते. भंगारात घालणं, कुणा दलालाला देणं, किंवा स्वतः दुरुस्त करणं. तिसरा त्यांनी आधीच सोडला होता. दलाल दोन दिवसांत अँगल ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून मशिन चमकवतो, हिरवा रंग मारतो आणि विकतो, हे त्यांना ठाऊक होतं. “माझ्या मशिनवर कुणी फसलं असं व्हायला नको,” म्हणाले. भंगारवाल्याचाच भाव सरांनी दिला, एका अटीवर: लेथसोबतचे बदली गिअर, डॉग चक (चार सुट्या जबड्यांचा), स्टेडी (लांब कामाचा आधार) आणि पान्ह्यांचा डबा गाळातून शोधून द्यायचा. बदली गिअर हरवले तर थ्रेडिंग, म्हणजे आटे पाडणं, गेलं. जुन्या बटाला लेथचा गिअर बाजारात तयार मिळत नाही, प्रत्येक कारखान्याचं भोक आणि खाच वेगळी. मिस्त्रींनी गिअर खरंच शोधून काढले, एक सोडून सगळे.

सरांपुढचे पर्याय जास्त गुंतागुंतीचे होते. लेथ तसाच्या तसा उचलून नेणं किंवा जागेवरच सुटा करणं. मोटर वाळवणं, रिवाइंड करणं (तारा नव्याने गुंडाळणं) की नवीन घेणं. बेड ग्राइंडिंगला पाठवणं की आहे तसा ठेवणं. आणि सगळ्यात आधी: गाळ डिझेलने काढायचा की पाण्याने?

## पहिला निर्णय: पुन्हा पाणी

मशिन पाण्याने बिघडलं, त्यावर परत पाणी मारायचं, हे मिस्त्रींना पटेना. मलाही नव्हतं पटलं. वर्कशॉपमधली सवय अशी की काहीही घाण असली की डिझेल आणि ब्रश. (रॉकेल हल्ली कुठे मिळतं!)

पण गाळ म्हणजे चिकणमाती, आणि चिकणमाती डिझेलमध्ये विरघळत नाही. तिचा लगदा होतो आणि तो लगदा तेलाबरोबर आणखी आतल्या फटींत जातो. पाण्यात मात्र ती सुटते. दुसरं कारण क्षारांचं. चिपळुणात वाशिष्ठीला गोवळकोटपर्यंत खाडीचं पाणी येतं, आणि पुराच्या पाण्यात किराणा दुकानातली मिठाची पोती, खतं, गटारं सगळंच मिसळलेलं. क्लोराइड लोखंडाच्या खड्ड्यांत बसून राहिलं की वरून कितीही तेल लावा, खालून गंज चालूच राहतो, आणि तेलात मीठ विरघळत नाही.

सरांच्या शेजारी रसायनशास्त्राच्या शिक्षिका राहतात. त्यांनी तेलाच्या कपातला चिमूटभर गाळ ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून, गाळून, त्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट टाकलं. दुसऱ्या परीक्षानळीत त्यांच्या नळाचं पाणी. नळाचं पाणी जेमतेम धुरकट झालं, गाळाचं ताकासारखं पांढरं. ते मीठ खाडीचं होतं की वाण्याच्या दुकानातलं, हे या परीक्षेने सांगता येत नाही, पण आम्हाला त्याची गरजही नव्हती. धुवायचं हे पक्कं झालं.

धुण्याचं काम कराडला शेडच्या बाहेर, कडक उन्हाचा दिवस बघून केलं. आधी मोटर, काउंटरशाफ्ट (मोटरची गती पट्ट्याने लेथला देणारा मधला दांडा) आणि टेलस्टॉक (कामाचं दुसरं टोक धरणारा उजवीकडचा भाग) उतरवलेले. हेडस्टॉकचे कॅप उघडून स्पिंडल वर उचलून काढला, न फिरवता. मग पाइप आणि बाटल्या धुवायचे ब्रश. खालून पडणारं पाणी वरून घातलेल्या पाण्याइतकं स्वच्छ होईपर्यंत. लगेच कॉम्प्रेसरची हवा, ऊन, आणि धातू हाताला गरम लागत असतानाच डिझेल व इंजिन ऑइलचं मिश्रण. पाणी आणि तेल यांच्या मध्ये रेंगाळलं तर अर्ध्या तासात नवा केशरी गंज दिसायला लागतो, म्हणून लेथचे भाग एकदम सगळे न धुता एकेक करून धुतले. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी पावसाळ्यात करू नये एवढंच सांगतो.

वाहतुकीचं थोडक्यात: पाऊण टनाचं मशिन, आणि वजन सगळं हेडस्टॉकच्या बाजूला. लेथ उलटतो तो बहुधा टेम्पोत चढवताना. पायांखाली दोन जाड सरया बोल्टने आवळल्या आणि चेन पुली ब्लॉकने उचलला, पट्टा बेडखालून. आटे पाडताना सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूला, म्हणजे लीडस्क्रूला, पट्टा लागला तर स्क्रू वाकतो आणि मग थ्रेडिंगचं मशिन राहत नाही.

## दुसरा निर्णय: सॅडल ओढायची नाही

सॅडल बेडला चिकटली होती. हातोडीने मागे ठोकणं, बेड गॅसने तापवणं, किंवा हाफ नट (लीडस्क्रूला पकडणारा दुभागलेला नट) लावून लीडस्क्रूने ओढणं हे सुचण्यासारखे उपाय. तिसऱ्यात हाफ नटचे आटे आधीच झिजलेले, ते सोलून निघाले असते. दुसऱ्यात बिडाचा बेड एकाच जागी तापवला तर तो वाकण्याची किंवा तडकण्याची भीती. पहिल्यात सॅडल सुटली असती, पण खालचा गंज आणि रेती घेऊन सगळ्या बेडवरून घासत गेली असती.

सरांनी एप्रन (सॅडलच्या पुढे लोंबणारा गिअरचा डबा) सोडवला, बेडच्या खालून सॅडलला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या काढल्या आणि कडांवरून ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल व ॲसिटोन समप्रमाणात मिसळून रोज थोडं सोडत राहिले. घाई अजिबात नाही. हे मिश्रण कुठल्याही जाम बोल्टला उत्तम, फक्त पेट घेतं, तेव्हा बिडीकाडी लांब. एका रविवारी सॅडलच्या दोन टोकांना लाकडी पाचर हलकेच मारल्यावर ती चट्‌ असा आवाज करून केसभर उठली. मग पुलीने सरळ वर उचलली. आडवी एक सूतही सरकवली नाही.

खालचं दृश्य मात्र बघण्यासारखं होतं. आजूबाजूचा बेड विटकरी, आणि सॅडलखालचा हातभर तुकडा रुपेरी. बटाल्याच्या कारागिराने हाताने मारलेल्या स्क्रेपरच्या खुणा, तिरप्या, खवल्यांसारख्या, टेलस्टॉककडच्या कमी वापराच्या भागात अजून शाबूत होत्या. मिस्त्रींनी बंद करताना सॅडल नेहमी तिकडे नेऊन ठेवायची आणि खाली तेल सोडायचं, ही सवय ठेवली होती. जुन्या तेलाचा तो पातळ थर पुरात टिकला.

## तिसरा निर्णय: गंज कशाने काढायचा

इथे मतभेद झाले. मला अँगल ग्राइंडरला कप ब्रश लावून काम उरकायचं होतं. बेडच्या व्ही आणि सपाट पृष्ठभागांवर तसं करू नये, हे सरांनी मला शिकवलेलं आहे आणि मी ते विद्यार्थ्यांसारखाच विसरलो होतो. तारेचा ब्रश गंजासोबत कडा गोल करतो आणि फिरत्या चाकाने कुठे किती धातू गेला याचा हिशेब लागत नाही. तिसरं खातं.

बेडवर धारदार पात्याची पट्टी जवळजवळ आडवी धरून, तेल लावून, गंजाचा थर खरवडला. नंतर हिरवा स्क्रबर आणि तेल. पॉलिश पेपर वापरला नाही, कारण त्याचे कण बेडच्या खड्ड्यांत अडकून राहतात. काळे डाग राहिले ते राहू दिले. डाग म्हणजे उंचवटा नाही. बोटाला लागत नाही तर सॅडललाही लागत नाही.

बाकीच्या पोलादी आणि बिडाच्या भागांसाठी, म्हणजे बदली गिअर, टूल पोस्ट, हँडव्हील वगैरेंसाठी, निळा प्लास्टिकचा ड्रम, पाण्यात धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. भाग ऋण टोकाला, सळईचे तुकडे धन टोकाला. यात तीन गोष्टी पक्क्या पाळल्या. स्टेनलेस स्टीलची ताटली किंवा पाइप धन टोकाला लावायचा नाही. स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम पाण्यात उतरून विषारी होतं. हायड्रोजन सुटतो म्हणून ड्रम उघड्यावर. आणि पितळ, ॲल्युमिनियम, जस्ताच्या ओतकामाच्या मुठी व स्प्रिंगा त्यात नाहीत.

मळीचाही विचार झाला होता. मळीच्या पातळ पाण्यात दोन आठवडे बुडवून ठेवलं की गंज सुटतो, धातूला फारसा धक्का लागत नाही, आणि कराडच्या आसपास साखर कारखान्यांची काय कमी! पण मळीवर राज्य उत्पादन शुल्काचं नियंत्रण आहे, कॅन भरून घरी आणून ठेवण्याची ती वस्तू नाही. शिवाय वास. भंगारवाल्यांचं लाडकं संडासाचं ॲसिड मात्र शेडमध्येच येऊ दिलं नाही. त्याच्या वाफेने बाजूला ठेवलेलं चांगलं मशिनसुद्धा रात्रीत लाल होतं.

## चौथा निर्णय: चक

तीन जबड्यांचा ट्रू चक स्पिंडलच्या आट्यांवर गंजून बसला होता. सगळीकडे चालणारी पद्धत अशी: बॅक गिअर (वेग कमी करणारे गिअर) गुंतवून स्पिंडल लॉक करायचा आणि जबड्याला लाकूड लावून हातोडा मारायचा. जुन्या लेथांच्या बॅक गिअरचे दात तुटलेले दिसतात ते बऱ्याचदा याच कारणाने. बीड ठोसा सहन करत नाही, आणि एका वेळी सगळा भार एक-दोन दातांवर येतो.

स्पिंडल बाहेर काढलेलाच होता, ही जमेची बाजू. चक जाड फळीला बोल्टने आवळला, स्पिंडलवरच्या मोठ्या बुल गिअरभोवती दातांच्या मापाचे लाकडी गट्टू बसवून चिमटा केला, म्हणजे भार अर्ध्या परिघावर वाटला गेला. मग चकच्या मागच्या प्लेटवर किटलीने उकळतं पाणी. प्लेट आधी तापते, फुगते, आतला स्पिंडल अजून गार असतो. लांब पाइपला सरांनी आणि मी मिळून जोर लावला, आणि फार कष्ट न पडता आटे सुटले. लगेच पुसून तेल. जबडे काढताना त्यांच्यावरचे १, २, ३ हे आकडे आणि खाचांचे आकडे जुळवून ठेवले. ते उलटसुलट बसवले तर चक काम मध्यावर धरत नाही.

## मोटर

दोन हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वाइंडिंग ते बॉडी रेझिस्टन्स पाहिला तर काटा शून्यावरच. धुऊन, पत्र्याच्या पेटीत बल्ब लावून दोन-तीन दिवस सावकाश वाळवल्यावर तो चढून एक मेगओहमच्या किंचित खाली थांबला. ४१५ व्होल्टच्या मोटरला एक मेगओहम ही कमीत कमी मानली जाणारी हद्द. म्हणजे “चालेल बहुतेक” अशी अवस्था.

पंपाची मोटर असती तर कदाचित चालवून पाहिली असती. इथे सरांनी रिवाइंडिंगला दिली, आणि त्यामागे वेगळं गणितही होतं. सरांच्या शेडमध्ये सिंगल फेज वीज आहे. सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) २३० व्होल्टच देतो, तेव्हा मोटर स्टारऐवजी डेल्टात जोडावी लागते (वाइंडिंग जोडायच्या या दोन पद्धती). जुन्या मोटरमधून तीनच वायरी बाहेर होत्या, स्टारचा सांधा आत दडलेला. रिवाइंड करणाऱ्याला सांगितलं, सहा वायरी बाहेर काढ. नवं वाइंडिंग, दोन नवी बेअरिंगं, आणि घरच्या विजेवर वेग कमीजास्त करता येणारा लेथ. मोटर नुसती वाळवून वापरली असती तर हे जमलं नसतं. सिंगल फेजची नवी मोटर घेतली असती तर खर्च जवळपास तेवढाच, वेगाची सोय नाही.

## पाचवा निर्णय: बेड ग्राइंड करायचा नाही

कमी झिजलेल्या टेलस्टॉकच्या पट्ट्यांवर डायलचा स्टँड सरकवत सरांनी सॅडलच्या पट्ट्या मोजल्या. चकजवळच्या दीड फुटात चार थाउ (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) खड्डा होता. मी लगेच म्हणालो, पुराने खाल्लं. सर हसले. पूर सगळीकडे सारखा होता, खड्डा फक्त चकजवळ कसा? तिथे आयुष्यभर छोटी कामं झाली, बुश, पिना, बोल्ट. ही वापराची झीज. पुराचा हिस्सा म्हणजे वरवरचे टोचे, आणि ते भार पेलणाऱ्या पृष्ठभागाच्या फार थोड्या भागावर.

कोल्हापूर-पुण्याकडे बेड ग्राइंड करून मिळतो. पण बेड जितका उतरेल तितकी सॅडल खाली येते, एप्रन खाली येतो, लीडस्क्रू आणि हाफ नटची रेष चुकते, रॅकचा (बेडला लावलेल्या दातेरी पट्टीचा) गिअर सैल पडतो. ते परत उचलायला सॅडलखाली पट्टी चिकटवून हाताने स्क्रेप करायची. एक काम पाच कामं घेऊन येतं. शौकिनाच्या लेथवर चार थाउचा खड्डा ही बहुतेक कामांत जाणवत नाही अशी गोष्ट आहे. बेड तसाच ठेवला. मोजमाप वहीत तारीख घालून लिहिलं, पुढे वाढतं का बघायला.

रंगाबद्दल मी हरलो. मला हॅमरटोन (ठोकलेल्या पत्र्यासारखा दिसणारा रंग) हवा होता. सरांनी फक्त सुटलेला रंग आणि त्याखालची फुगलेली लांबी (पुट्टी) खरवडली, कारण लांबीमागे अडकलेलं पाणी आत गंज चालू ठेवतं. तेवढ्या जागी प्रायमर आणि करडा रंग. लेथ आता ठिगळं लावल्यासारखा दिसतो.

## निकाल

हेडस्टॉकच्या बुशांत गाळ होता पण रेघा नव्हत्या. जर्नलच्या कडेला, पाणी जिथून शिरलं तिथे, गंजाची एक अरुंद रेष. मधला भाग चकचकीत. कॅपखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने परत बसवल्या, आणि एक पातळ शिम काढल्यावर फट हवी तेवढी आली, जर्नलच्या दर इंच व्यासामागे साधारण एक थाउ. तेल ६८ ग्रेडचं.

पहिल्या चाचणीत चकमध्ये धरलेल्या दांड्यावर सहा इंचांच्या अंतराने दोन पट्टे कातले. व्यासात दीड थाउचा फरक. हेडस्टॉक वाकडा बसलाय असं मला वाटलं, पण सरांनी आधी लेव्हल ठेवली. बेडला पीळ होता, कारण शेडची जमीन एका कोपऱ्यात खाली. त्या पायाखाली पत्रा सारल्यावर फरक अर्ध्या थाउवर आला.

एक खडखड उरली होती, ठरावीक वेगालाच. आम्ही काउंटरशाफ्टची बेअरिंगं बदलूनही ती गेली नाही. मिस्त्री कराडला एका लग्नाला आले तेव्हा शेडमध्ये डोकावले. पाच मिनिटं ऐकून म्हणाले, “पट्ट्याचा सांधा. मी चामड्याची वादी घालून शिवायचो, तुम्ही क्लिपा मारल्यात.” क्लिपा लहान पुलीवरून जाताना आपटत होत्या. वादीने शिवल्यावर आवाज बंद.

पिलर ड्रिल महिन्याभरात चालू झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बेंच ग्राइंडरची मोटर वाचली, पण भिजलेली दोन्ही चाकं फोडून टाकली. पाणी प्यायलेल्या चाकाचा तोल आणि बांधणी यांवर विश्वास ठेवून कुणी समोर उभं राहू नये. वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर तांब्याच्या भावात गेला.

पैशांचं बोलायचं तर लेथचा भंगार भाव, टेम्पो, रिवाइंडिंग, व्हीएफडी, बेअरिंगं आणि तेल धरून साधारण पन्नास हजारांच्या आसपास गेले. तेवढ्यात थोडी घासाघीस करून चालू स्थितीतला असाच जुना लेथ मिळाला असता. मजुरी धरली तर व्यवहार तोट्याचा. धंद्यासाठी कुणी हा रस्ता निवडू नये. सरांना लेथ हवा होताच, पण त्याहून जास्त त्यांना तो उघडायचा होता.

## वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महाग पडले ते पुरानंतरचे दोन महिने, आणि ते कुणाच्याच हातात नव्हते असं म्हणणं पूर्ण खरं नाही. चिपळुणात त्या दिवसांत पिण्याच्या पाण्याची मारामार होती, मशिन धुवायला कोण जाणार? तरी गाळ ओला असताना बादलीभर स्वच्छ पाणी तेलाच्या कपांत, सॅडलच्या कडांवर आणि चकच्या मागे ओतून वर हाताशी असेल ते तेल, अगदी जळकं इंजिन ऑइलसुद्धा, सोडलं असतं तर सॅडल आणि चकची लढाई झालीच नसती. त्या काळात मदतीला गेलेल्या पथकांकडे फावडी होती, पंप होते. तेलाचा कॅन आणि ‘काही फिरवू नका’ एवढी सूचना सोबत असती तर किती तरी मशिनं भंगारात गेली नसती.

मोटर आधी वाळवण्यात घालवलेले दिवस वाचवता आले असते. शून्य रीडिंग, गाळ भरलेले स्लॉट आणि सहा वायरींची गरज या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी दिसत होत्या. जमीन समपातळीत आहे का हे लेथ ठेवण्याआधीच बघायला हवं होतं. एकदा उभा केलेला लेथ परत उचलायचा म्हणजे अर्धा दिवस आणि शेजारचे चार जण. पट्ट्याबाबत तर मिस्त्रींना फोन करून विचारणं हाच स्वस्त उपाय होता. ज्याने मशिन वीस-तीस वर्षं चालवलं त्याच्याकडून खरेदीच्या दिवशीच तासभर माहिती लिहून घ्यावी. कुठला गिअर खातो, कुठला वेग टाळतो, तेल किती पितो.

एका बाबतीत मी अजून सरांशी सहमत नाही. हाफ नट झिजलेला आहे हे माहीत असून त्यांनी तो तसाच बसवला, “थ्रेडिंग क्वचितच लागतं” म्हणून. सगळं उघडलेलं असताना गनमेटलचा नवा ओतून घेणं सोपं होतं. आता एप्रन परत उतरवावा लागेल, आणि हरवलेला तो एक बदली गिअरही अजून करून घ्यायचाच आहे.

मिस्त्रींच्या मुलाने पुढच्या वर्षी नोकरी सोडून त्याच जागेत लहानसं फॅब्रिकेशन सुरू केलं. वेल्डिंग मशिन आणि कॉम्प्रेसर चाकांच्या गाड्यावर. ड्रिलची मोटर बिजागरीच्या प्लेटवर, दोन बोल्ट आणि एक प्लग काढला की हातात येते अशी, आणि ती ठेवायला लाकडी फळी नाही, वरच्या मजल्यावर जाणारा जिना. जुना लेथ त्याला परत नको होता. नवा घेतला तर त्याच्या बेडवर ग्रीसचा जाड थर आणि मेणकापड जूनच्या पहिल्या आठवड्यातच चढवायचं, असं त्याचं ठरलं आहे. पावसाळ्यातली लेथची कामं तो चिपळूणजवळच्या खेर्डीला बाहेरून करून घेणार.